बसून तर बघ!

सांगलीतलं एक मंगल कार्यालय. मे महिन्यात ज्या स्टेजवर नवरा-नवरी हार घालून उभे असतात, तिथं जूनमधल्या एका शनिवारी चार जाडजूड टायरांची उघडी गाडी उभी होती. छत नाही, दारं नाहीत, काच नाही. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, एकाच माणसापुरती सीट आणि छातीवर आवळायचा पाच पट्ट्यांचा बेल्ट. पुढच्या नळीवरचा रंग खरवडलेला, खालच्या पत्र्याला वाळलेली लाल माती. शेजारी कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा.

आई-वडिलांच्या मागं रेंगाळत चाललेल्या एका मुलाला त्यानं बरोबर हेरलं.

"बस की मित्रा. बसून तर बघ!"

मुलानं वडिलांकडं पाहिलं. वडील पलीकडच्या स्टॉलवरचा फीचा तक्ता वाचण्यात गुंतले होते. मग तो बसलाच. स्टिअरिंग धरलं, पाय लांब करून पेडल चाचपली. आईनं पर्समधून मोबाइल काढला आणि फोटोसाठी दोन पावलं मागं सरली. तेवढ्यात तिच्या बाजूला टॅब घेतलेली एक मुलगी येऊन उभी राहिली होती. "काकू, फोटो आम्ही तुम्हाला पाठवतो ना. नंबर सांगा."

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'देखावे' असा कळवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं गणपतीची मंडळं असणार. मला आठवले ते बारावीच्या निकालानंतर गावोगाव भरणारे हे मेळावे. कुणी त्याला करिअर फेअर म्हणतं, कुणी ॲडमिशन एक्स्पो, कुणी नुसतं शैक्षणिक प्रदर्शन. मंगल कार्यालयापासून वातानुकूलित हॉलपर्यंत कुठंही ते भरतं आणि प्रवेश विनामूल्य असतो. सांगलीच्या त्या हॉलमध्ये गाडीखेरीज जाळीच्या पिंजऱ्यात घुंघुं करणारा ड्रोन होता. फिजिओथेरपीच्या स्टॉलवर चाकांच्या स्टँडला टांगलेला हाडांचा सापळा, हॉटेल मॅनेजमेंटच्या टेबलावर कलिंगडात कोरलेला मोर, मर्चंट नेव्हीवाल्यांकडं काचेच्या पेटीत जहाज आणि सगळ्यांना नमस्कार करत फिरणारा पांढरा रोबोही होता. सापळ्याशी हात मिळवायला लहान भावंडांची रांग लागली होती. त्यांच्या ॲडमिशनला अजून सहा-सात वर्षं होती, पण फिजिओथेरपीच्या मॅडम त्यांनाही हटकत नव्हत्या. भावंडांच्या मागं आई असते.

पाय थांबले पाहिजेत

स्टॉल साधारण दहा बाय दहाचा. तीन बाजूंना फ्लेक्स, पुढं एक टेबल, टेबलावर माहितीपुस्तिकांची चळत. नुसतं एवढंच असलेल्या स्टॉलपुढं काय घडतं ते बघत बसले. माणसं चालता चालता पुस्तिका घेतात, पिशवीत टाकतात आणि पुढं जातात. तासाभरात पिशव्या जड होतात आणि परतताना बाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यातल्या निम्म्या तशाच राहतात. टपरीवाला त्यावर भजी देतो. गुळगुळीत कागद तेल पीत नाही, अशी त्याची तक्रार होती.

म्हणून वस्तू लागते. स्टॉलवर अनेक वर्षं काढलेल्या एका प्राध्यापकांनी मला सगळी मांडणी समजावून सांगितली. वस्तू टेबलावर ठेवायची नाही, टेबलाच्या पुढं, वाटेच्या कडेला ठेवायची. नुसती बघायची नको. हात लावता आला पाहिजे, जमलं तर आत बसता आलं पाहिजे. वस्तूपाशी विद्यार्थी उभा करायचा, प्राध्यापक नाही, कारण पोरं सरांना बघितलं की बिचकतात. वस्तूच्या उजव्या हाताला नंबर घेणारी व्यक्ती. आणि आत, फ्लेक्सच्या सावलीत, दोन खुर्च्या. सरांच्या मते सगळ्यात महत्त्वाच्या या खुर्च्याच. मुलगा गाडीत बसला की वडिलांना खुर्ची द्यायची. हॉलमध्ये दुसरीकडं कुठं टेकायला जागा नसते.

खुर्चीत बसलेले वडील ठरावीक प्रश्न विचारतात. पहिला फीचा. मग आईचा, वसतिगृह आवारातच आहे का आणि मेस कशी. प्लेसमेंट तिसऱ्या नंबरावर येते आणि तेव्हा वडील जरा पुढं सरकून बसतात. मुलाचा प्रश्न बहुधा एकच असतो. 'ही गाडी कोणी चालवायची?'

नंबर मिळाला की त्याचं नाव बदलतं. काकूंचा नंबर आता 'लीड' झाला. संध्याकाळी तो एका यादीत जातो. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात, आधी अभिनंदनाचा, मग 'सीट मर्यादित आहेत' असा, मग आवार बघायला येण्याचं निमंत्रण. मेळाव्याचा हिशेब किती लोक आले यावर होत नाही, किती नंबर लागले यावर होतो. काही ठिकाणी टॅब धरणारी मुलगी कॉलेजची नसतेच. इव्हेंटवाल्यानं दिवसाच्या मजुरीवर आणलेली असते. काल ती एका बँकेच्या स्टॉलवर होती.

या नंबराबरोबर 'मूळ कागदपत्रं आत्ताच जमा करा, सीट धरून ठेवतो' असा आग्रह झाला, तर मात्र उठावं. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडकवून ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच मनाई केली आहे. हे सांगणारा फ्लेक्स मला एकाही स्टॉलवर दिसला नाही.

फ्लेक्सच्या मागं

गाडीकडं परत येऊ. तिला 'बाहा' म्हणतात, त्याच नावाच्या स्पर्धेवरून. अमेरिकेत १९७६ साली साउथ कॅरोलायना विद्यापीठात या स्पर्धेची सुरुवात झाली. भारतात २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला ती भरते. विद्यार्थ्यांनी खडबडीत रस्त्यावर चालणारी एकासनी गाडी स्वतः आखायची, स्वतः वेल्डिंग करून बांधायची आणि तिथं नेऊन पळवायची. इंजिन मात्र सगळ्यांना सारखंच, ठरवून दिलेलं, दहा अश्वशक्तीच्या आसपासचं. म्हणजे कसब दाखवायचं ते नळ्यांच्या पिंजऱ्यात, सस्पेन्शनमध्ये आणि वजन कमी करण्यात. ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत, नाहीतर शर्यतीत सोडतच नाहीत. शेवटची शर्यत सलग चार तासांची असते. त्यात बऱ्याच गाड्यांची हाडं खिळखिळी होतात.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक मुलगी गाडीपाशी आली. केसांची एक वेणी, पाठीला सॅक. ती बसली नाही. गाडीला फेरी मारून मागच्या बाजूला गेली, तिथं ताणून बांधलेला कॉलेजच्या नावाचा फ्लेक्स बोटानं उचलला आणि आत डोकावली.

"दादा, इंजिन कुठंय?"

टी-शर्टवाला पोरगा आधी हसला, मग इकडंतिकडं बघून खरं ते बोलला. इंजिन नव्या गाडीत बसवलंय. ही गेल्या वर्षीची. इंजिन महाग, दर वर्षी नवं परवडत नाही, त्यामुळं ते काढून पुढच्या गाडीत घालतात. फ्लेक्सच्या मागं रिकामी जागा होती आणि मागं वजन यावं म्हणून ठेवलेली वाळूची पिशवी. पण त्या प्रश्नानंतर पोरगा जो सुटला तो थांबेना. माउंटिंगचे बोल्ट कुठं होते, बेल्टवर चालणारा गिअर कसा बसतो, पिथमपूरला तिसऱ्या तासाला पुढचा आर्म कुठं वाकला, वाकलेला आर्म सरळ न करता तसाच का ठेवलाय, हे सगळं त्यानं तिला उकिडवं बसून दाखवलं. टॅबवाली मुलगी दोनदा येऊन गेली. तिला कुणी दाद दिली नाही.

नंतर त्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन नवी गाडी पाहिली. पिंजरा जिगवर चढवलेला, एका कोपऱ्यात नळ्यांच्या कापलेल्या टोकांचा ढीग, भिंतीवर खडूनं लिहिलेली वजनं. तिथं कळलं की गाडी आणि मेळावा यांचा जुना तंटा आहे. क्लबला कॉलेजकडून पैसे मिळतात ते एका अलिखित अटीवर, की मेळाव्यांच्या हंगामात गाडी मागितली की द्यायची. पोरांना नेमके तेच आठवडे नव्या गाडीच्या बांधणीसाठी हवे असतात. टेम्पोत चढवताना-उतरवताना गाडीला शर्यतीपेक्षा जास्त मार बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तोडगा म्हणून मेळाव्यांसाठी जुना सांगाडा ठेवलाय, रंग न देता. प्राचार्यांना तो रंगवून हवा होता. पोरांनी ऐकलं नाही, आणि माझ्या मते त्यांनी बरं केलं. ती माती आणि तो खरवडलेला रंग नसता, तर त्या वेणीवाल्या मुलीला मागं डोकावायची बुद्धी झाली असती की नाही कोण जाणे.

विकायचं एक, दाखवायचं दुसरं

एके काळी कॉलेजांना हा खटाटोप करावा लागत नव्हता. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं विनाअनुदानित इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडलं. त्याआधी पैसे भरून शिकण्याची ऐपत असलेली इकडची मुलं कर्नाटकात जात. मग साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, माळरानावर, डोंगराच्या कुशीत कॉलेजं उभी राहिली. तेव्हा सीट थोड्या, मागणारे फार. रांग विद्यार्थ्यांची होती, आणि त्या रांगेतून देणग्यांचं पीक इतकं आलं की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा करावा लागला. आता अनेक शाखांमध्ये रांग उलट्या बाजूनं लागली आहे.

शिवाय कॉलेजनं मनात आणलं तरी हवा तो विद्यार्थी निवडता येत नाही. २०१५ च्या कायद्यानं आलेला सीईटी कक्ष केंद्रीय पद्धतीनं, गुणवत्तेच्या क्रमानं सीट वाटतो. विद्यार्थी घरी किंवा सायबर कॅफेत बसून पसंतीक्रम भरतो. त्या फॉर्मवर कॉलेजं म्हणजे आकडी कोड, एकाखाली एक, डोळे फिरतील इतके. त्या वेळी वडिलांना कोड आठवत नाही. 'ते गाडीवालं कॉलेज घाल की रे वर' हे आठवतं. मेळाव्यातली वस्तू खरं म्हणजे त्या क्षणासाठी असते. त्याखेरीज संस्थास्तरावरच्या वीस टक्के जागा आहेत, फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहणाऱ्या जागा आहेत आणि आता राज्यभर वाढलेली खासगी विद्यापीठं आहेत, ज्यांचे प्रवेश बहुतांशी त्यांच्याच हातात असतात. मेळाव्यातले सगळ्यात मोठे, कोपऱ्यावरचे, गालिचा अंथरलेले स्टॉल बहुधा त्यांचे.

आणि इथंच गंमत आहे. गाडी मेकॅनिकलची. पण मेकॅनिकलला जायला फारसं कुणी तयार नाही. आलेल्या दहांतल्या आठ-नऊ घरांना हवं असतं कॉम्प्युटर, आयटी, एआय. एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा एआयसीटीईनं २०२४-२५ पासून उठवल्यानं त्या जागाही भराभर वाढल्या आहेत. म्हणजे सगळ्यात जास्त विकायची शाखा ती, आणि तिच्याकडं दाखवायला काहीच नाही! प्रोग्रॅम स्टेजवर उभा करता येत नाही. त्यात कुणाला बसवता येत नाही. कॉम्प्युटरच्या विभागप्रमुखांनी एकदा हौसेनं विद्यार्थ्यांचं एक ॲप मोठ्या पडद्यावर लावलं, तर लोक त्यात क्रिकेटचा स्कोअर शोधायला लागले. मग मेकॅनिकलची गाडी उसनी आणायची, इलेक्ट्रॉनिक्सचा रोबो मागायचा आणि त्यांच्या बाजूला 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स' अशी स्टँडी उभी करायची.

जूनमधली वीज

विज्ञान शाखेच्या स्टॉलांवरचा हमखास हुकमी एक्का म्हणजे केस उभे करणारं यंत्र. व्हॅन डी ग्राफ जनित्र. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं पहिलं १९२९ साली बनवलं. खाली मोटर, मधल्या नळीत फिरणारा रबरी पट्टा आणि वर धातूचा पोकळ, चकचकीत गोळा. पट्टा घासत घासत विद्युतभार वर नेतो, तो गोळ्यावर साठतो. प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून गोळ्यावर हात ठेवला की तो भार अंगभर पसरतो, प्रत्येक केस शेजारच्या केसाला दूर ढकलतो आणि डोक्याचं साळिंदर होतं. प्रयोगशाळेतल्या छोट्या यंत्रातही व्होल्टेज लाखांत जातं. पण भार इतका थोडा असतो की बसतो तो फक्त चटका.

जानेवारीत हे यंत्र बहार आणतं. मेळावे असतात जूनमध्ये.

कोल्हापूरच्या मेळाव्यात बाहेर पावसाची संततधार, आत ओल्या छत्र्या, ओले रेनकोट, श्वासांची वाफ. अशा हवेत गोळ्यावर भार टिकत नाही. दमट पट्ट्यावरून, नळीच्या ओलसर भिंतीवरून तो गळून जातो. मोटर गरगरते, पट्टा फडफडतो, मुलगी डोळे मिटून हात ठेवून उभी, आणि एक केस हलत नाही. स्टॉलवरचे लॅब असिस्टंट मात्र कसलेले होते. पिशवीतून त्यांनी केस वाळवायचा ड्रायर काढला. आधी पट्टा शेकला, मग नळी, मग गोळा सुती फडक्यानं पुसून पुन्हा शेकला. स्टुलाचे पायसुद्धा कोरडे केले. मग गर्दीवर नजर फिरवून त्यांनी उमेदवार निवडला, आणि निवड करताना ते केसांकडं बघत होते.

"तेल लावलंयस का? मग तू नको. तू ये. आज न्हालीयेस ना?"

तेल लावलेले केस एकमेकांना चिकटून राहतात, सुटे होत नाहीत. घट्ट वेणीचंही तेच. बारीक, कोरडे, मोकळे, खांद्याएवढे केस सगळ्यात उत्तम. निवडलेल्या मुलीचे केस खरंच उठले, पूर्ण नाही, कानांच्या वरच्या बाजूचे तेवढे, पण हॉल ओरडला. पाच-सात मिनिटांनी पुन्हा सगळं थंड. पुन्हा ड्रायर.

मला त्या केसांपेक्षा ड्रायर जास्त आवडला. का चालत नाही, हे त्या गृहस्थांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, बेरीज-वजाबाकी शिकवावी तितक्या शांतपणे. एका मुलानं विचारलं की पावसाळ्यात चालत नाही तर मग ढगात वीज कशी होते. असिस्टंटनी ड्रायर बंद केला आणि बाजूच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर ढग काढायला घेतला. पुस्तिकेचा तेवढा एक उपयोग मी पाहिला.

खेळणीवाल्याची बाहुली

नर्सिंग कॉलेजच्या स्टॉलवर टेबलावर चादर, चादरीवर एक बाई झोपलेली. फक्त डोकं आणि धड. हिची छाती दाबून बघायची असते. हृदय बंद पडलेल्या माणसाला कसं जगवायचं, याचा सराव. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, खांदे बरोबर वर आणून दाब. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. पुरेसं खोल गेलं की बाहुलीतून टक् असा आवाज येतो.

या जातीची पहिली बाहुली नॉर्वेतल्या आस्मुंड लायर्डाल यांनी १९६० मध्ये बाजारात आणली. मूळचे ते खेळणी करणारे. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवायचं तंत्र त्यांच्या हाती होतं, म्हणून डॉक्टर त्यांच्याकडं गेले. चेहरा त्यांनी घेतला तो पॅरिसच्या सेन नदीत बुडालेल्या अनाम मुलीचा म्हणून युरोपभर घरांच्या भिंतींवर टांगल्या जाणाऱ्या मुखवट्याचा.

या बाहुलीपुढचा प्रकार गाडीच्या अगदी उलट. इथं मुलं येत नाहीत, आया येतात. एक बाई बराच वेळ लांबून बघत होत्या. मग पदर खोचून पुढं झाल्या आणि दाबायला लागल्या. टक् होईना. स्टॉलवरच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं, असेल वीस-एकवीस वर्षांची, त्यांच्या मागं उभं राहून कोपर सरळ केले. "मावशी, हातानं नाही, अंगाच्या वजनानं दाबा. कणीक मळताना रेटता तसं." टक् झालं. पुन्हा झालं. मावशींनी तीस मोजले, घाम पुसला आणि म्हणाल्या, "शेतावर असं झालं तर ॲम्ब्युलन्स येईस्तोवर हेच करत बसायचं?" हेच करायचं, मुलगी म्हणाली, आणि दमलात तर दुसऱ्याला करायला लावायचं.

या स्टॉलवर किती नंबर लागले ते मी विचारलं नाही. मावशींची मुलगी दहावीत होती आणि तिला कॉमर्सला जायचं होतं. दिवसभरात मला सगळ्यात उपयोगी वाटलेली वस्तू हीच, आणि ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रोजच्या वापरातून उचलून आणलेली होती. चामड्यासारखी कातडी छातीवर काळी पडली होती. विद्यार्थिनी ती किती वेळा दाबतात ते विचारायची गरज नव्हती.

भाड्याचा पाहुणा

पांढरा रोबो पुण्याच्या मेळाव्यातही भेटला. छातीवर टॅब, डोळ्यांच्या जागी निळे दिवे, पायांऐवजी चाकं. नमस्कार करतो, नाव विचारतो, सेल्फीसाठी थांबतो. सांगलीत तो एका कॉलेजचा होता, पुण्यात दुसऱ्याचा. छातीवरचा स्टिकर तेवढा बदललेला. थोडं मागं सरकून पाहिलं तर खांबाआड कानात वायर घातलेला एक तरुण मोबाइलवर अंगठे चालवत होता. रोबो डावीकडं वळला की त्याचा अंगठाही डावीकडं.

त्याच्याशी बोलले. रोबो इव्हेंट कंपनीचा, दिवसाच्या भाड्यानं. लग्नाच्या हंगामात हाच पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतो, दुकानांच्या उद्घाटनांना फीत पुढं करतो. जून-जुलै कॉलेजांचा. तो तरुण स्वतः आयटीआय झालेला. बॅटरी, चाकं, सगळं तोच दुरुस्त करतो. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एकाही विद्यार्थ्यानं रोबो उघडून बघायला मागितला नव्हता, आणि कॉलेजच्या लोकांना तो उघडता येतो हेही ठाऊक नव्हतं.

रोबोचं आकर्षण जुनंच. डिसेंबर २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्सची 'सोफिया' आली होती, साडी नेसून. तिला बघायला सभागृह ओसंडलं. पण तिथं ती कुठून आली, कुणी बनवली हे पहिल्या वाक्यातच सांगितलेलं होतं; टेकफेस्ट काही प्रवेशाचा बाजार नव्हे. भाड्याच्या रोबोत वाईट काही नाही. मांडवही भाड्याचाच असतो. वाईट आहे ते त्याच्या शेजारी 'आमची अत्याधुनिक रोबोटिक्स लॅब' अशी स्टँडी लावणं. शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींतल्या दाव्यांना आधार हवा असा जाहिरात मानक परिषदेचा दंडक आहे, पण शंभर टक्के प्लेसमेंट हा दावा असतो. रोबो काही बोललेलाच नसतो. नुसता नमस्कार केलेला असतो.

पुण्यातच सोफियाच्या दीड वर्ष आधी याच्या नेमकं उलट उदाहरण घडलेलं आहे. सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला एक किलोच्या आसपासचा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्हीनं अवकाशात नेला. एका हातात मावेल एवढा डबा. पिढ्यामागून पिढ्या विद्यार्थी आठ वर्षं त्यावर राबले. असल्या वस्तूची प्रतिकृती टेबलावर ठेवली तर तिला ना दिवे, ना नमस्कार. लोक बघून पुढं जातील. पण शेजारी उभा असलेला विद्यार्थी तासभर बोलू शकेल. मेळाव्याला जाणाऱ्या घरांना माझं एवढंच सांगणं आहे की वस्तूला नका विचारू, समुपदेशकालाही नको. वस्तूच्या शेजारी जो उभा आहे त्याला विचारा, हे उघडून दाखवतोस का. आणि हे आमच्या पोराच्या हाती कितव्या वर्षी लागेल.

टेबल रिकामं असलं तर

परदेशी विद्यापीठांचे मेळावे पंचतारांकित हॉटेलांत भरतात. तिथं अशी एकही वस्तू नसते. विमानात सामानाचं वजन मोजतात. गुंडाळता येणारी स्टँडी, पेनं, कापडी पिशव्या, फार तर एखादं कापडी अस्वल. तरी तिथं रांगा मोठ्या, कारण तिथली वस्तू म्हणजे समोर बसलेला गोरा माणूस. पालक त्याच्याबरोबरही फोटो काढतात.

आपल्याकडच्या मेळाव्यांत मराठी, इतिहास, अर्थशास्त्र यांचे स्टॉल मला दिसलेच नाहीत. भूशास्त्राचं एक टेबल होतं, एका जुन्या अनुदानित कॉलेजचं, अगदी कोपऱ्यात स्वच्छतागृहाच्या वाटेवर. टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि दगड. त्यातला एक निळाशार, मोराच्या गळ्यासारखा. कॅव्हन्साइट. जगात मोजक्याच ठिकाणी मिळतो आणि त्याचे सगळ्यात देखणे नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले. वाघोलीचाच एक मुलगा तो हातात घेऊन उभा होता. आपल्या घरामागच्या खाणीत हे निघायचं आणि परदेशातली संग्रहालयं ते जपून ठेवतात, हे त्याला आत्ताच कळत होतं. प्राध्यापकांनी त्याला ती जागा कागदावर दाखवायला सांगितली, तर मुलानं त्यांच्याच नकाशात दुरुस्ती केली. खाण केव्हाच बुजवून वर इमारती झाल्यात.

खोडदला

या हंगामाच्या आधी, फेब्रुवारीच्या शेवटी, नारायणगावजवळ खोडदला गेले होते. रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, आणि तेव्हा तिथली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली होते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना लांब लांब शेतांमधून उभ्या. गाड्या भरून शाळा येतात, जुन्नर-आंबेगावकडची गावं येतात, एसटीनं येतात. तबकडीखाली उभं राहून मान वर केली की टोपी पडते. दाखवायला मुद्दाम काही आणावं लागत नाही.

मांडवात मात्र शाळांनी केलेले प्रयोग मांडलेले असतात, पुठ्ठा, सलाइनच्या नळ्या, सायकलचे डायनॅमो. प्रत्येक टेबलामागं ते बनवणारी मुलं. संशोधक संस्थेचे बिल्ले लावून तबकडीखाली उभे राहतात आणि तेच ते प्रश्न दिवसभर झेलतात. याच्यातून टीव्ही दिसतो का. पाऊस आला तर भरत नाही का. नंबर इथं कुणी मागत नाही. रेडिओ दुर्बिणीच्या लेखी मोबाइल हा गोंगाटच.

एका शेतकरी गृहस्थांनी बिल्लेवाल्या संशोधक तरुणीला थेट विचारलं, "ताई, पोराला इथं घालायचं तर ॲडमिशन कधी निघतात?"

तिनं सांगायला सुरुवात केली. आधी बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंग, मग जमलं तर एम.एस्सी., मग प्रवेश परीक्षा, मुलाखत, मग पीएच.डी., ती पाच-सहा वर्षांची.

"आणि फी?"

"पीएच.डी.ला फीचं फारसं काही नाही काका, उलट दर महिन्याला पैसे मिळतात."

गृहस्थांनी हे दोनदा विचारून पक्कं केलं. मग पोराला ऐकवायला वळले, तर पोरगं जागेवर नव्हतं. ते मांडवात एका टेबलापाशी वाकून कुणाच्या तरी डायनॅमोची सुटलेली वायर दातानं सोलत होतं, आणि टेबलामागच्या मुली त्याला, ती नाही रे, लाल वायर, लाल, असं ओरडून सांगत होत्या.